चुन्याखालचे त्र्याऐंशी दिवस

खाजाभाईंचे त्र्याऐंशी दिवस मी एका दुपारी पुसून टाकले, आणि तेही कायद्याला धरून. वर कुणीतरी शाबासकी देईल म्हणून अंगावरचे चुन्याचे शिंतोडे न झटकता तसाच घरी गेलो.

ढोकीच्या ठेसनापासून हाकेच्या अंतरावर महांतप्पा शेटचं जिन होतं. कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. एका अंगाला बॉयलर, त्याच्या वाफेवर चालणारं इंजिन, इंजिनावरून निघालेला लांबच्या लांब चामडी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर फिरणारी वीस यंत्रं. यंत्रापुढं बायका बसून कापूस भरवत. सन तेराशे चौपन्न फसलीत, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीस साली, मी तिथं धाकटा मुन्शी म्हणून लागलो. धाराशिवला उर्दूतून मिडल पास झालो होतो, त्यामुळं हैदराबादेहून आलेला कागद वाचून दाखवायचा मान माझा. कागद समजणं ही निराळी गोष्ट. तिच्यासाठी मला पगार नव्हता.

फरवर्दी महिना, म्हणजे निजामीतला फेब्रुवारी, सरत आला तेव्हा असाच एक कागद आला. कारखान्यांचे इन्स्पेक्टरसाहेब शनिवारी सकाळच्या छोट्या गाडीनं मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. सोबत कायद्याची छापील प्रत. शेटनी मला गादीसमोर बसवलं आणि पोथी ऐकावी तसे डोळे मिटून ऐकू लागले.

फिरत्या पट्ट्याला जाळी बसवावी. “पुढं,” शेट म्हणाले. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत. “पुढं.” आगीसाठी बादल्या भरून ठेवाव्यात. “हायेत की.” बादल्या होत्या खऱ्या. तीन बादल्यांत बायका सरकी वाहायच्या आणि चौथीत मांजर व्यालं होतं. भिंतींना वर्षातून एकदा चुना द्यावा.

शेटनी डोळे उघडले. “हे कलम चांगलं हाय. हे आपण पाळू.”

शुक्रवारी जिनाला सुट्टी. मी दोन गडी घेतले आणि बॉयलरला आग टाकणारा धुळाप्पा मदतीला धरला. शेटनी चुना अर्धाच आणला होता, तेव्हा उरलेला अर्धा मी पाण्यानं भरून काढला. जिनाच्या भिंती झाल्या, गोदाम झालं, थोडा चुना उरला. बॉयलरघराचं नाव शेटनी घेतलं नव्हतं. पण कायद्यात ‘भिंती’ म्हटलं होतं, आणि बॉयलरघरालाही भिंती होत्या. शिवाय तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी कोळशानं रेघोट्या, ठिपके, वर्तुळं असा सगळा घाणेरडा पसारा मांडला होता. महिनाभरात मी त्या खोलीत दोनदाच गेलो होतो. फार गरम व्हायचं. मला वाटलं, गड्यांच्या पोरांचे उद्योग असणार.

चुना फिरवला तरी रेघा खालून काळ्या दिसतच राहिल्या. मी आणखी एक हात मारायला सांगितला, तर धुळाप्पा म्हणाला, “वाळलं की झाकतंय मुन्शी, वल्ला चुना काय झाकत न्हाय.” आणि खरंच, सांज होईतो भिंत दुधासारखी झाली. धुळाप्पाला त्या रेघोट्या कशाच्या हे माहीत होतं. त्यानं सांगितलं का नाही, असं मी नंतर विचारलं. मुन्शी शिकलेले आहेत, त्यांनी वाचून बघितलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

त्या रेघोट्या म्हणजे खाजाभाई.

खाजाभाई बॉयलरवाले. वय पन्नाशीच्या पुढं, डावी भुवई वाफेनं केव्हाच नेलेली, त्यामुळं चेहरा कायम अर्धा आश्चर्यात. उजव्या हाताला चार बोटं. करंगळी कुठं गेली याच्या त्यांच्याकडं बऱ्याच हकिगती होत्या. लहान पोरांना ते सांगत की नळदुर्गच्या किल्ल्यात वाघानं मागितली म्हणून दिली. खरी हकिगत त्यांच्या बायकोनं, जमिलाबीनं, मला सांगितली: जवानीत दुसऱ्या एका जिनात काम करताना उघड्या पट्ट्यात गेली. तिथल्या मालकानं त्या दिवशीचा अर्धा रोज कापला, कारण अर्धाच दिवस काम झालं होतं.

तेव्हापासून खाजाभाईंनी एक रीत धरली होती. संध्याकाळी भोंगा वाजवला की ते जिनाच्या फाटकात येऊन उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द विचारायचे, “दहा?” बायांनी दोन्ही हात वर करून पंजे दाखवायचे आणि मगच घरी जायचं. नवी बाई हसायची. जुन्या हसत नसत, चालता चालता हात वर करायच्या, देवळातून निघताना घंटा वाजवावी तसं. नागम्मा म्हणून एक तोंडाळ बाई होती. ती रोज म्हणायची, “मोजून घ्या खाजाभाई, घरी मालक इचारतो.” मी पहिल्या दिवशी खिशात हात घालून निघालो तर त्यांनी मला परत बोलावलं. मी म्हणालो, मी तर नुसता वहीवर बसतो. ते म्हणाले, “वही मिटताना चेंगरत्यात.”

आता शेट आणि खाजाभाई यांच्यामधली गोष्ट सांगितली पाहिजे. बॉयलरवर एक आडवी लोखंडी दांडी असते, तिला ठरलेलं वजन. आतली वाफ बेताबाहेर वाढली की ती दांडी उचलते आणि फुसकन बाहेर निघते. बॉयलर फुटू नये म्हणून केलेली सोय. सगळे तिला सेफ्टी म्हणत. शेटच्या लेखी मात्र ती गळती होती. सरपण त्यांचं, पाणी त्यांचं, आणि वाफ आभाळाची. ही वाफ छपराबाहेर नेणारा पत्र्याचा नळ होता, तोही शेटनी आदल्या पावसाळ्यात घराच्या पन्हाळीला नेऊन लावला होता. मग त्यांना एक युक्ती सुचली. घरातली पासरी, म्हणजे पाच शेराचं लोखंडी माप, त्यांनी सुतळीनं त्या दांडीला टांगलं. दांडी जड झाली, वाफ गपगुमान आत बसली.

खाजाभाईंनी पासरी काढली, पुसली, गादीजवळ नेऊन ठेवली आणि अदबीनं म्हणाले, “शेट, तुमची पासरी बॉयलरवर इसरली हुती.”

“हौ का?” शेट म्हणाले. “वय झालं बघा.”

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून शेट पुन्हा जिनात आले आणि पासरी पुन्हा विसरले. त्या हंगामात हे जवळजवळ रोज चाललं. दोघांपैकी एकानंही आवाज चढवला नाही. एकदाच बिघडलं. बहमन महिन्यात, मी लागायच्या आधी, खाजाभाई तापानं फणफणले होते, उशिरा आले. येऊन बघतात तर वाफेचा दाब दाखवणारा काटा लाल रेघ ओलांडून पुढं. त्यांनी पासरी काढली, भट्टीतली जळती लाकडं बाहेर ओढली आणि अर्धा दिवस जिन बंद ठेवलं. कापसाच्या गाड्या ठेसनापर्यंत तटल्या. शेट एवढंच म्हणाले की खाजाभाई आता भ्यायला लागले, त्यांना विसावा द्यायला पाहिजे. आणि आपल्या मेव्हण्याला, सास्तूरच्या सोमलिंगला, निरोप धाडला. सोमलिंगनं पिठाच्या गिरणीचं इंजिन चालवलं होतं आणि त्याच्याकडं बॉयलर चालवायची सरकारी सनद होती.

इन्स्पेक्टरसाहेब बहमनच्या आदल्या, दै महिन्यात येऊन गेले होते. त्यांनी बजावलं होतं की बॉयलरचं काम तोंडी चालणार नाही. सेफ्टी रोज तपासली का, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी बघितली का, याची नोंद पाहिजे. पुढच्या मुआयन्याला नोंद दिसली नाही तर या माणसाला बॉयलरवर ठेवता येणार नाही, सनदवाला आणावा लागेल. शेटनी तेव्हा अशी मान डोलावली होती की जणू कायदा त्यांच्याच घरात जन्मला.

खाजाभाईंना लिहिता येत नव्हतं. पण साहेब नोंद ठेवा म्हणाले होते. वहीत ठेवा असं म्हणाले नव्हते. भिंत होती, कोळसा तर होताच. सेफ्टी तपासली की उभी रेघ. पाण्याची नळी बघितली की शेजारी ठिपका. दांडीला पासरी सापडली की डोक्यावर वर्तुळ. जुम्म्याला मोकळी जागा. आणि तापाच्या त्या दिवशी रेघ न ओढता त्यांनी हात कोळशात बुडवून भिंतीवर पंजा उमटवला होता, चार बोटांचा. असे त्र्याऐंशी दिवस.

शनिवारी उजाडताच मी साहेबांसाठी खुर्ची पुसत होतो. खाजाभाई आले, बॉयलरघरात गेले, पण भट्टीत लाकडं पडल्याचा आवाज येईना. मी डोकावलो. ते लाकडाच्या ओंडक्यावर बसून पांढऱ्या भिंतीकडं बघत होते. मी अभिमानानं सांगितलं की कालच दिला, कायद्यात कलम आहे.

त्यांनी मान वळवली. “मुन्शी, तुमच्या शाळंत पाटी पुसायच्या आदुगर वर काय लिवलंय ते बघायची रीत हुती का न्हाय?”

मग त्यांनी सांगितलं त्या रेघोट्या काय होत्या. मी लगेच उपाय काढला. कोरी वही घेतो, तासाभरात त्र्याऐंशी दिवस सुबक उर्दूत लिहितो, साहेब खूश. खाजाभाई म्हणाले, असं न्हाय. मी म्हणालो, सगळं खरंच तर लिहायचं आहे. त्यावर ते म्हणाले की एका शाईनं, एका बैठकीत लिहिलेलं खरं कुणालाच खरं वाटत नाही. शिवाय वही शेटच्या कपाटात राहते, भिंत खाजाभाईंच्या नजरेसमोर राहते. मग उठले, भट्टीत लाकडं सारली आणि रोजच्यासारखी काठी बॉयलरला लावून दुसरं टोक कानाशी धरलं. मला वाटलं, बिचारे शेवटचं ऐकून घेताहेत.

साहेब आले. शेरवानी, उंच टोपी, हातात अत्तराचा रुमाल. भिंती बघून खूश झाले, तेवढं टिपून घेतलं. पट्ट्याच्या जाळीचं विचारलं. शेटनी ती मुंबईहून वाटेवर असल्याचं सांगितलं. मागच्या वेळीही ती वाटेवरच होती. बादल्यांकडं साहेब वळले, तर चौथ्या बादलीतून चार पिल्लांनी त्यांच्याकडं बघितलं. साहेबांनी तेही टिपलं. नागम्माला त्यांनी विचारलं की दुपारची सुट्टी पुरी मिळते का. ती म्हणाली की मिळते, घरी जाऊन भाकरी थापून परत येईपर्यंत मिळते, खायला तेवढी मिळत नाही.

मग बॉयलरघर. शेट, मी, धुळाप्पा, आणि डोक्याला तेल चोपडून आलेला सोमलिंग. दारात बायांची गर्दी. साहेबांनी नोंद मागितली.

“भिंतीवर हाय साहेब,” खाजाभाई म्हणाले.

साहेबांनी भिंत बघितली. त्यांच्या शेरवानीपेक्षा पांढरी होती. शेटनी हळहळून सांगितलं, म्हातारा माणूस आहे, चांगला आहे, पण आता असं होतंय. सोमलिंग पुढं सरकला आणि सनद काढायला खिशात हात घातला.

मला तिथं बोलायचं नव्हतं. महिनाभराची नोकरी, समोर शेट. पण तोंडातून निघून गेलं. “होती साहेब. काल मी चुना मारला.”

शेटनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. साहेब म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण पुसलेली नोंद ही नोंद नव्हे, आणि मुन्शीची जबान ही भिंत नव्हे.

“बराबर हाय,” खाजाभाई म्हणाले. “जाता जाता तेवढी सेफ्टी तपासून घ्या साहेब. ते बी कायद्यात हाय.”

कायद्यात होतं. साहेबांना नाही म्हणता येईना. धुळाप्पानं आग वाढवली. काटा चढत चढत लाल रेघेला आला. काही झालं नाही. वाफ बाहेर निघायला पाहिजे होती, निघाली नाही. काटा केसभर पुढं सरकला. बॉयलर पोट धरल्यासारखा गुरगुरला. साहेबांनी एक पाऊल दाराकडं टाकलं, मग दुसरं. सोमलिंग कधीच अंगणात पोचला होता. त्याची सनद तेवढी उंबऱ्यावर पडली. दार आत उघडणारं, आणि दारात बाया, त्यामुळं शेट मध्येच अडकले. दारं बाहेर का उघडावीत हे कलम त्यांना तेव्हा पुरतं उमगलं असावं.

खाजाभाई घाई न करता दांडीजवळ गेले. तिथं एक मळकं फडकं गुंडाळलेलं लोंबत होतं, पुसायचं असेल असं कुणालाही वाटावं. त्यांनी ते सोडलं. आत पासरी, साहेबांना दिसू नये म्हणून शेटनी गुंडाळलेली.

“शेट, तुमची पासरी इसरली हाय.”

आणि त्यांनी ती उचलली.

तेवढा मोठा आवाज मी पुन्हा ऐकला तो पोलीस ॲक्शनच्या वेळी, आणि तोही लांबून. वर नळ नव्हता, तेव्हा सगळी वाफ खोलीत. आम्ही एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर आलो. खाजाभाई सगळ्यांच्या मागून चालत आले, पासरी काखेत धरून. वाफ दारातून, कौलांतून, फटींतून निघत राहिली. मग काटा खाली आला, सेफ्टी आपोआप बसली, वाफ विरळ झाली.

पहिल्यांदा नागम्माला दिसलं. ती म्हणाली, “अगं बाई, भिंतीला दिवस गेले.”

भिंत ओली चिंब झाली होती. पातळ चुन्याखालून रेघा वर येत होत्या, आधी धूसर, मग काळ्या. रेघ, ठिपका, वर्तुळ. रेघ, ठिपका, वर्तुळ. ओळीनं, जुम्म्याच्या जागा सोडून. आणि मधोमध चार बोटांचा पंजा. साहेब आत गेले. मग खाजाभाईंचा उजवा हात धरून त्यांनी तो त्या पंजावर टेकवला. बोटावर बोट बसलं. साहेबांनी वर्तुळं कशाची विचारलं, तर खाजाभाईंनी काखेतली पासरी पुढं केली.

पण बॉयलरघर गरम. भिंत एका कडेनं वाळायला लागली आणि पहिले चार दिवस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. साहेब ओरडले, “मुन्शी, लिहा.” मी वही घेऊन बसलो. धुळाप्पा सांगायचा, मी उतरवायचो, आणि दिवस वाळत चालले की नागम्मा बायांवर ओरडायची आणि बाया बादलीनं पाणी मारायच्या. त्या जिनात आगीच्या बादल्यांना पाणी लागलं ते तेव्हा. मांजराची बादली सुद्धा रिकामी केली. पिल्लं शेटच्या गादीवर ठेवली.

शहात्तर दिवस उतरले. पण पाण्याचा मारा जरा जास्तच झाला. दारामागच्या कोपऱ्यातला चुना आणि त्याखालचा कोळसा दोन्ही मिळून ओघळले आणि फरशीवर राखाडी थारोळं झालं. त्यात शेवटचे सात दिवस गेले.

साहेबांनी वहीच्या पानावर सही केली. शहात्तर दिवस आणि त्यातला एक पंजा त्यांना पुरेसे होते. बॉयलर खाजाभाईंकडंच राहिला. पासरीला सुतळी बांधून, लाख लावून, मोहर मारून साहेब ती आपल्यासोबत घेऊन गेले. पुढं महिनाभर शेटच्या घरी धान्य अंदाजानं मोजत होते. जाळी महिन्याच्या आत बसली, म्हणजे ती मुंबईहून निघाली नव्हतीच, कारण बसवली ती शेजारच्या तेर गावच्या लोहारानं. नळ पन्हाळीवरून परत आला. सोमलिंग उंबऱ्यावरची सनद वाळवून सास्तूरला गेला. मला शेट एवढंच म्हणाले, “मुन्शी, तुम्ही कायदा लई मन लावून वाचता.” आणि माझी बैठक सावलीतून उचलून बॉयलरघरात टाकली. नोंद ठेवायला.

तिथं बसल्या बसल्या एकदा मी खाजाभाईंना विचारलं की ओल्या चुन्यातून दिसतं हे त्यांना ठाऊक होतं का. ते म्हणाले की दर ईदेला घराला चुना तेच मारतात, जमिलाबी फक्त चुका काढते. मला राग आला. मग शनिवारी सकाळीच एक बादली पाणी का नाही मारलं? माझा जीव टांगणीला लागला होता.

“बादलीनं दावलं असतं तर साहेबानं नुसती भिंत बघितली असती,” ते म्हणाले. “पासरी कुणी बघितली असती?”

त्यांनी माझ्यावर एक देणं मात्र लावलं. वाहून गेलेले सात दिवस मी भरून द्यायचे. कसे, तर सात दिवस पहाटे त्यांच्याआधी येऊन बॉयलर मी पेटवायचा, सेफ्टी मी तपासायची, नळी मी बघायची, आणि रेघ भिंतीवर माझ्या हातानं, कोळशानं ओढायची. ते ओंडक्यावर बसून बिडी ओढणार. मी कबूल केलं. मग हंगाम संपला. पुढच्या हंगामात मला खोकला होता. त्याच्या पुढच्या हंगामात लग्न. खाजाभाई तगादा करत नसत. संध्याकाळी फाटकात “दहा?” विचारून झालं, मी पंजे दाखवले, की हळूच पुस्ती जोडत, “त्यातलं सात माझं.”

निजामी गेली, कचेऱ्यांत मराठी आली आणि मला धाराशिवला नोकरी लागली. निघायच्या दिवशी छोटी गाडी जिनामागून सरकत होती. संध्याकाळचा भोंगा नुकताच झाला होता, फाटकातून बाया हात वर करत बाहेर पडत होत्या. मी डब्याच्या दारात उभा राहून दोन्ही पंजे दाखवले. खाजाभाईंनी लांबूनच मोजले, मान हलवली. मग स्वतःचे हात वर केले, उजव्याची होती तेवढी चार बोटं आणि डाव्याची तीन.

मी मान हलवली. देतो म्हणालो, पण गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं.